सव्वाशेची फिल्म पाचशेवर

पहाटे साडेपाचला कोल्हापुरातल्या जुन्या तालमीत उजेड दोनच ठिकाणांहून येतो. एक हौद्यावर टांगलेला बल्ब आणि दुसरा भिंतीत उंचावर असलेला झरोका. झरोक्यातून उजाडायला अजून अवकाश असतो. खाली लाल मातीत पोरं जोर-बैठका आटोपून जोडीला लागलेली असतात. माझ्या कॅमेऱ्यात आयएसओ १२५ ची कृष्णधवल फिल्म असते. लेन्स एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवली तरी लाईट मीटर सेकंदाचा आठवा भाग मागतं. तेवढ्या वेळात हातातला कॅमेराही हलतो आणि समोरचा पैलवानही. फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मास्तर, फोटो काढा की हवं तेवढं, पर त्यो दिवा चमकवू नगा. डाव धरताना पोराचं डोळं दिपलं तर मान मोडंल."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मग मी मीटरवरचा आकडा १२५ वरून ५०० वर नेतो. फिल्म तीच, पण ती चौपट वेगवान आहे असं धरून चालायचं. आता मीटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर येतं. ढाक मारतानाचा पैलवान एवढ्या वेळातही पुसटच येतो, पण पकड बसल्यावर दोघं एकमेकांना जोखत क्षणभर थिजतात, तो क्षण हाती लागतो. याची किंमत अशी की प्रत्येक फ्रेमवर हवा त्याच्या पाव हिस्साच प्रकाश पडतो. ही तूट घरी येऊन फिल्म धुताना, ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून, जमेल तितकी भरून काढायची. याला फिल्म पुश करणं म्हणतात. संवेदनक्षमता दुप्पट धरली की एक स्टॉप पुश आणि चौपट धरली की दोन स्टॉप.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे आणि घरच्या न्हाणीघरात फिल्म धुतो. हल्ली तरुण मुलंमुली आजोबांचे कॅमेरे कपाटातून काढून माझ्याकडे येतात, तेव्हा पुशबद्दल हमखास विचारतात. बऱ्याच जणांची समजूत असते की पुश केल्याने फिल्म खरोखरच जास्त संवेदनक्षम होते. तसं होत नाही. हे एकदा नीट उमगलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

फिल्मच्या डबीवरचा आकडा ठरतो कसा, इथपासून सुरुवात करावी लागेल. इंग्लंडमध्ये फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. फोटोच्या काचेवर किती प्रकाश पडला आणि त्यामुळे ती किती काळी झाली, याचा आलेख त्यांनी काढला. तो आलेख सरळ रेषेत जात नाही. तळाशी बराच वेळ आडवा रेंगाळतो, मग चढाला लागतो आणि वरती पुन्हा सपाट होत जातो. आजही फिल्मची संवेदनक्षमता या आलेखाच्या तळाशीच मोजतात. ठरावीक पद्धतीने डेव्हलप केलेल्या फिल्मवर, तिच्या मूळ धुरकटपणापेक्षा जेमतेम ०.१ इतकी जास्त घनता येण्यासाठी किती प्रकाश लागला, यावरून डबीवरचा आकडा निघतो. म्हणजे हा आकडा चित्रातल्या सावल्यांचा आहे. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यातला तपशील टिकवायला किमान किती प्रकाश हवा, तेवढंच तो सांगतो.

आता फिल्मच्या आत काय घडतं ते पाहू. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चांदीचे अणू एकेक करून एका जागी जमतात. रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ मध्ये या क्रियेचा उलगडा केला. साधारण चार अणूंचा पुंजका तयार झाला की तो स्फटिक डेव्हलप होण्याजोगा होतो. डेव्हलपर मग त्या पुंजक्याच्या वाटेने इलेक्ट्रॉन पुरवत राहतो आणि अख्ख्या स्फटिकाची चांदी करून टाकतो. पुंजका तेवढा जमलाच नाही, तर डेव्हलपरच्या लेखी तो स्फटिक आणि प्रकाश न पाहिलेला स्फटिक यांत फरक नसतो.

पाव प्रकाशात फोटो काढला की पैलवानाच्या खांद्यावर, छातीवर, कपाळावर पुंजके पुरेसे जमलेले असतात. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात ते जमतच नाहीत. डेव्हलपरमध्ये फिल्म वीस मिनिटं ठेवा नाही तर तासभर, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट फार वेळ ठेवली तर डेव्हलपर प्रकाश न पाहिलेल्या स्फटिकांनाही हात घालू लागतो आणि सगळ्या निगेटिव्हवर धुरकटपणा चढतो.

मग जास्त वेळ ठेवून मिळतं काय? आलेखाचा चढ वाढतो. तळ फारसा उचलला जात नाही, मधला भाग बऱ्यापैकी वर येतो आणि उजळ भाग झपाट्याने वर जातो. पुशचा सगळा खेळ या मधल्या भागावर आहे. माणसाची त्वचा, कपडे, माती हे सगळं तिथेच असतं. कमी प्रकाशामुळे ते खाली घसरलेलं असतं, वाढीव वेळ त्याला पुन्हा वर आणतो. सावल्या मात्र गेल्या त्या गेल्या. म्हणून पुश करायचं की नाही हा निर्णय न्हाणीघरात घ्यायचा नसतो. तो तालमीत, शटर दाबण्याआधी घ्यायचा असतो: या चित्रातलं काय काळोखात गेलं तरी मला चालणार आहे?

तालमीतलं माझं उत्तर ठरलेलं आहे. मागची भिंत, खुंटीवरचे लंगोट, कोपऱ्यातली करेल आणि मुद्गल, हे सगळं गेलं तरी चालेल. कोनाड्यातल्या मारुतीपुढे निरांजन असतं, त्यामुळे तो राहतो. घामेजलेल्या अंगाला चिकटलेल्या मातीचा कण न् कण मात्र मला हवा असतो. तालमीची माती साधी नसते. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवलेलं असतं, ती अंगाला धरून बसते. पुशमुळे मधल्या करड्या छटांमधलं अंतर वाढतं आणि ही माती पाठीवर अक्षरशः मोजता येईल इतकी स्पष्ट होते. नेहमीच्या पद्धतीने धुतलेल्या निगेटिव्हमध्ये ती त्वचेत विरून जाते. यासाठी मी मीटर सबंध तालमीवर रोखत नाही. पैलवानाच्या उजेडाकडच्या खांद्याजवळ जाऊन मोजतो. सबंध जागेचं माप घेतलं तर मागचा अंधार मीटरला चकवतो आणि ज्याच्यासाठी खटपट केली तो खांदाच पांढराफटक होतो.

"सरळ ४०० ची फिल्म का भरत नाही?" हा प्रश्न रास्त आहे. सावल्या हव्या असतील तर ४०० ची भरावी, मीही भरतो. पण १२५ च्या फिल्मचे स्फटिक बारीक असतात. पुश केल्यावर तिचा ग्रेन वाढतो, तरी त्याची वीण मला ४०० च्या फिल्मपेक्षा घट्ट वाटते. शिवाय छत्तीस फोटोंचा रोल सकाळी रंकाळ्यावर सुरू करावा आणि उरलेला तालमीत संपवावा, ही चैन नाही, कारण पुश करायचं तर सबंध रोलच करावा लागतो. त्यामुळे तालमीसाठी मी रोल वेगळाच ठेवतो आणि डबीवर पेनाने ५०० लिहितो.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० पर्यंत अमेरिकी मानकात डबीवरचा आकडा मुद्दाम कमी लिहीत असत, म्हणजे नवख्याच्या हातूनही फिल्मला प्रकाश कमी पडू नये. १९६० मध्ये ही राखीव सोय काढून टाकली आणि कृष्णधवल फिल्मचे आकडे एका फटक्यात दुप्पट झाले. कोडॅकची ट्राय-एक्स २०० ची ४०० झाली. फिल्म होती तीच. आधीच्या पिढीतले फोटोग्राफर एक स्टॉप सहज पुश करत असं सांगतात, त्यामागे ही राखीव सोय बऱ्याच अंशी होती. आजच्या डबीवरच्या आकड्यात ती नाही, म्हणून आज एका स्टॉपलाही सावल्यांतून काहीतरी द्यावंच लागतं.

आता डेव्हलपर. मी वापरतो तो डी-७६. कोडॅकच्या जॉन कॅपस्टाफ यांनी गेल्या शतकाच्या विशीत तो तयार केला. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. इतकंच. इलफर्डचा आयडी-११ जवळपास हाच. तयार पाकीट मिळतं, पण मी सुटी रसायनं आणून तोलतो. पाऊण लिटर पाणी पन्नास अंशांपर्यंत कोमट करायचं. आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं, म्हणजे मेटॉल हवेने तांबूस पडत नाही. मग मेटॉल. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळायला कुरकुर करतं, म्हणून क्रम मोडायचा नाही. मेटॉल पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी टाकणखार आणि लिटर भरेल इतकं पाणी. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते, हातमोजे घालावेत. तपकिरी बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावायचं. एवढ्या सल्फाइटचं एक काम डेव्हलपर टिकवण्याचं, दुसरं स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून ग्रेन मऊ करण्याचं.

पुश करणाऱ्याने डी-७६ ची एक खोड लक्षात ठेवायला हवी. बाटलीत पडून राहिला की आठवड्यांगणिक त्याचा अल्कधर्मीपणा थोडा वाढतो आणि तो जास्त जोरात काम करू लागतो. नेहमीच्या धुण्यात हे लक्षातही येत नाही, पण पुशमध्ये आधीच उजळ भाग टोकाला असतात, तिथे हा फरक उठून दिसतो. म्हणून मी बाटलीवर तारीख घालतो आणि पुशच्या रोलसाठी नवी बाटली काढतो.

पुशसाठी याहून सरस डेव्हलपर आहेत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेटॉलऐवजी फेनिडोन असलेले डेव्हलपर, उदाहरणार्थ इलफर्डचा मायक्रोफेन, सावल्यांतही खरोखर अर्धाएक स्टॉप मिळवून देतात, कारण आलेखाच्या तळाशी फेनिडोन अधिक चांगलं काम करतं. ते मिळालं तर जरूर वापरावं. मी डी-७६ ला धरून आहे कारण तो मला घरी करता येतो आणि त्याच्या सवयी मला पाठ आहेत.

वेळेचं गणित असं. इलफर्डची एफपी४ प्लस ही फिल्म, आयडी-११ किंवा डी-७६ मध्ये तितकंच पाणी घालून, २० अंशांवर ११ मिनिटं धुवावी असं कोष्टक सांगतं. एक स्टॉप पुशला वेळ सुमारे तीस-चाळीस टक्के वाढवायचा, दुसऱ्या स्टॉपला त्यावर पुन्हा तेवढाच. पण कोल्हापुरात नळाला २० अंशांचं पाणी हिवाळ्यातल्या सकाळीच काय ते मिळतं. मे महिन्यात ते तिशीच्या घरात असतं. मी माठातलं पाणी मिसळून सगळं २४ अंशांवर आणतो. डेव्हलपर, मधलं पाणी, फिक्सर, सगळं याच तापमानाचं. २४ अंशांना २० च्या मानाने सत्तर टक्के वेळ पुरतो. माझ्या वहीप्रमाणे १२५ ला पावणेआठ मिनिटं, २५० ला साडेदहा आणि ५०० ला पंधरा. तुमच्या टँकमध्ये, तुमच्या हाताने यात थोडा फरक पडेल.

गरम प्रदेशात पुशचा एक फायदा पुस्तकांत सहसा दिसत नाही. पाणी गरम असलं की नेहमीची वेळ इतकी आखडते की पाच मिनिटांच्या आत सगळं उरकावं लागतं आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे उमटतात. पुशमध्ये वेळ मुळातच लांब असतो. २६ अंशांवरसुद्धा हाताशी पुरेसा अवकाश राहतो.

टँक उलटापालटा करण्याची लय मात्र बदलायची नाही. पहिल्या दहा सेकंदांत चारदा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चारदा. जास्त हलवलं की ताजा डेव्हलपर उजळ भागांना सतत मिळत राहतो आणि बल्बभोवतीचं सगळं जळून जातं. निम्मं पाणी घालण्याचा हेतूही हाच. उजळ भागातला डेव्हलपर लवकर दमतो आणि तो भाग जरा आवरतो, सावल्यांतला मात्र आपलं काम करत राहतो. २५० मिली डेव्हलपर, २५० मिली पाणी, एका रोलला एकदा वापरून ओतून द्यायचं. फिक्सरचं, आपल्याकडच्या भाषेत हायपोचं, तसं करू नये. त्यात चांदी उतरलेली असते, ते बागेत किंवा मोरीत ओतणं मला पटत नाही.

यासाठी डार्करूम हवी असं नाही. रोल रीळावर चढवून टँकचं झाकण लागेपर्यंत मिट्ट काळोख हवा, पुढचं सगळं उजेडात. आपल्याकडे तर ही परंपरा घरातूनच सुरू झाली. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके यांनी घरी कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत कामं केली. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच घडवला. त्यांच्या मानाने माझी खटपट किरकोळ, पण घरच्या पाण्यात चित्र उमटताना पाहण्याची गोडी तीच असणार.

आतापर्यंत पुशकडे तुटवड्याचा उपाय म्हणून पाहिलं. मला ते सर्वांत आवडतं ते मात्र पन्हाळ्यावर, पावसाळ्यात. जुलैत तिथे प्रकाश पुष्कळ असतो, पण सगळीकडून सारखा येतो. तीन दरवाजाचा दगड, त्यावरचं शेवाळ, धुकं आणि मागचं आभाळ यांत जेमतेम तीनचार स्टॉपचं अंतर. नेहमीच्या पद्धतीने धुतलं तर सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. इथे मी फिल्म २५० ला लावतो आणि एक स्टॉप पुश करतो. खोल सावल्या मुळात नसल्यामुळे गमवायला काही नसतं. सगळं चित्र आलेखाच्या सरळ चढावरच राहतं आणि चढ वाढल्यामुळे दगडाच्या छिन्नीच्या खुणा, शेवाळाच्या कडा, धुक्याचे थर वेगवेगळे दिसू लागतात. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत हाच विचार आहे. दृश्य सपाट असेल तर धुणं वाढवा, कडक असेल तर कमी करा. म्हणून माझ्या मते पुश शिकायची जागा रात्रीचा रस्ता नव्हे, पावसाळी दुपार आहे. रात्रीच्या रस्त्यावर दिवे पेटून निघतात, बाकी काळंठिक्कर होतं, आणि शिकणाऱ्याला आपल्या हातून नक्की काय झालं ते कळतच नाही.

दोन स्टॉपच्या पुढे मी १२५ च्या फिल्मला नेत नाही. १००० वर लोक नेतात, चित्र उमटतं, पण त्यात माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या होतात. पैलवानाच्या चेहऱ्यावर डोळेच नसतील तर तो फोटो मला नको. ५०० ला डोळ्यांत बल्बची एक ठिणगी तरी राहते.

पहिल्यांदा करणाऱ्याने एक रोल सबंध एकाच जागी, एकाच उजेडात, २५० ला लावून काढावा. काळोखात रोलचे कात्रीने दोन तुकडे करावेत. कापताना एखादी फ्रेम जाईल, ती जाऊ द्यावी. दुसरा तुकडा काळ्या डबीत बंद करून ठेवायचा, पहिला साडेदहा मिनिटं धुवायचा आणि वाळल्यावर खिडकीशी धरून पाहायचा. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी निगेटिव्ह पातळ, मरगळलेलं दिसलं तर दुसऱ्या तुकड्याला दीड मिनिट वाढवावं. आभाळ किंवा दिवा इतका दाट झाला असेल की त्यातून वर्तमानपत्राची अक्षरं दिसत नाहीत, तर दीड मिनिट कमी करावं. दोन्ही वेळा, पाण्याचं तापमान आणि डेव्हलपरची तारीख निगेटिव्हच्या पाकिटावरच लिहावी, वेगळ्या कागदावर नको.